तुळजाराम कंडक्टर आणि हरिबाचं घोंगडं

तुळजाराम कंडक्टर मला कधीच आवडला नाही. हे मी त्याच्या माघारी लिहीत नाही. त्याच्या तोंडावर अनेकदा सांगितलेलं आहे. दर वेळी तो हसला आणि म्हणाला, "वैनी, तोंडावर बोलनारी मानसं शंभरात चार असतेत. शोध लागलाय." कोणाला लागला, कुठे लागला, हे विचारायची सोय नसे. विचारलं की तेही सांगायचा.

बीदरकडच्या कोहिनूर नावाच्या खेड्याच्या पलीकडे आमचं गाव. तुळजाराम इथलाच, शेतकऱ्याच्या घरातला. एस.टी.त कंडक्टर झाला आणि नोकरीची बहुतेक वर्षं गाणगापूरच्या गाडीवर काढली. उमरग्या-लातुराकडून दत्ताच्या दर्शनाला येणारे लोक त्या गाडीत बसत. गाडी तापलेली, रस्ता खड्ड्यांचा, आणि उतरायची घाई असलेल्या माणसांना दाराशी अडवून हा सांगे की शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. झुरळाचं डोकं तोडलं तरी ते आठवडाभर जगतं. मध कधी नासत नाही. यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत. मी पडताळून पाहिल्या. पण त्या ऐकून कोणाची उडदाची रास घरी आली नाही की कोणाचा ताप उतरला नाही. लोक मात्र खूश होत. त्याच्या गाडीसाठी आधीची गाडी सोडणारे महाभाग मी पाहिले आहेत.

माहितीपर्यंत ठीक होतं. पुढे त्याला बोलण्यातल्या शब्दांचा उगम सांगायचा नाद लागला. कानाला खडा कामून लावतेत? शेंडी कामून लावतेत? नाकी नऊ आले म्हणजे नेमके कोणते नऊ? प्रत्येकाची गोष्ट त्याच्यापाशी तयार. पाटलांच्या लग्नात त्याने सांगितलं की बीदरच्या एका बेगमेच्या नथीत नऊ मोती होते आणि तिला शिंक आली. पुढच्याच महिन्यात गावातले अमृतप्पा वारले. मातीला आलेले लोक ओट्यावर बसले होते, तिथे हा म्हणाला की नऊ दिवस हत्तीला सर्दी झाली होती आणि माहुताची काय दशा झाली ती ऐका. हत्तीचं शिंकणंही करून दाखवलं. माणसं तोंडावर उपरणं धरून हसली. आत अमृतप्पांची बायको कलाबाई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ होते. तिने मान वर करून मला विचारलं, "कोन हसायलंय बाई?" मी उठून बाहेर गेले आणि तुळजारामला म्हणाले, "नथीचं काय झालं?"

तो अजिबात गडबडला नाही. "दोन मतं हायत त्याच्यात, वैनी," म्हणाला.

माझे यजमान डॉक्टर होते आणि त्यांना तो आवडायचा. रोग्यांना हसवतो, म्हणायचे. मी त्यांच्याशी या बाबतीत कधी सहमत झाले नाही आणि ते गेल्यावरही माझं मत बदललेलं नाही. तुळजारामची बायको सत्यभामाबाई औषधाला आली की मी तिला विचारायची, घरीही असंच चालतं का? ती म्हणायची, "न्हाई बाई. घरी तोंडच उघडत न्हाईत. घरी कोन बसलंय ऐकायला?"

पुष्कळ वर्षं पाहिल्यावर मला त्याचा आजार कळला. त्याला "माहीत नाही" हे दोन शब्द म्हणता येत नव्हते. लबाड माणसाला खोट्यातून काही मिळवायचं असतं. याला काही मिळवायचं नव्हतं. फक्त समोरच्याने प्रश्न विचारावा आणि आपण गप्प राहावं, हे त्याला सहन होत नव्हतं. लबाड माणूस परवडतो. तो कुठे थांबेल हे तरी कळतं.

आता हरिबाच्या घोंगड्याचं सांगते.

आमच्या सिद्धेश्वराची पालखी चैत्रात निघते. वेशीत ती खाली टेकवतात आणि गाव दर्शन घेतं. ती नुसत्या जमिनीवर टेकवत नाहीत. वेशीलगत धनगरांचं एक घर आहे, हरिबाचं घर. हरिबा नावाचा माणूस कोणाला आठवत नाही इतका जुना. त्या घरच्या मेंढ्यांच्या काळ्या लोकरीचं, त्याच घरच्या बाईने कातलेल्या सुताचं घोंगडं वेशीत अंथरायचं आणि देव त्याच्यावर बसवायचा. मग त्या घरच्या कर्त्याला फेटा आणि नारळ. देव तिथे बराच वेळ बसतो, म्हणून गावात एखादा पाहुणा बसला आणि उठेना, की लोक म्हणतात, हरिबाचं घोंगडं अंथरलंय. यात उगम शोधण्यासारखं काही नाही. शेंबड्या पोरालाही कळतं.

हरिबाच्या घरात आता अनसाबाई मोठी. नवरा गेला, कळप विकला, मुलगा मल्लेश टमटम चालवतो. दारात सहा-सात काळ्या मेंढ्या आहेत, त्या केवळ या घोंगड्यासाठी. अनसाबाई वर्षभर चातीवर लोकर कातत दारात बसलेली दिसते.

तीन वर्षांपूर्वी शिवप्रसाद जत्रा कमिटीचा अध्यक्ष झाला. रस्त्यांची कंत्राटं घेतो, पांढरे कपडे घालतो. त्याने हॉटेलात, चारचौघांत, फोन समोर धरून तुळजारामला विचारलं, "अण्णा, हरिबाचं घोंगडं आसं कामून म्हनतेत?" शिवप्रसादने हेतूने विचारलं असं माझं मत आहे. त्याला वेशीत मखमलीची गादी ठेवायची होती, वडलांचं नाव जरीने काढलेली, आणि फेटा आपल्या घरी न्यायचा होता.

तुळजारामचा हेतू काहीच नव्हता. समोर फोन होता आणि प्रश्न होता.

त्याने सांगितलं की सिद्धेश्वर महाराज वेशीत झोपले होते, थंडीचे दिवस, आणि हरिबाने त्यांच्या अंगावरचं घोंगडं चोरलं. पहाटे महाराज कुडकुडत उठले आणि म्हणाले, तुझ्या वंशानं दरवर्षी इथं घोंगडं आणून टाकावं. "म्हंजे मान न्हाई त्यो," तुळजाराम बोट नाचवत म्हणाला, "दंड हाय! आन् आपन येडे, दंड भरनाऱ्याला फेटा बांधायलोत!" हॉटेल हसलं. शेवटी त्याने पुस्ती जोडली, "खोटं वाटत आसल तर आमच्या डाक्टरीनबाईला ईचारा. कान्व्हेंटात शिकलेल्या हायत. इंग्रजी पुस्तकात वाचलंय त्यानी."

दुसऱ्या दिवसापर्यंत ते गावातल्या प्रत्येक फोनवर होतं.

अनसाबाई माझ्याकडे आली ती पायरीवरच बसली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"बाई, आमचा हरिबा चोर व्हता म्हून तुमी वाचलंय म्हने."

"मी असं काही वाचलेलं नाही, अनसाबाई."

"मंग तुमचं नाव कामून घेतलं त्यानं?"

"इंग्रजी म्हटलं की कोणी तपासायला येत नाही, म्हणून."

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "भाग्यलक्ष्मीला, आमच्या सुनंला, नळावर बाया ईचारायलेत. यंदाचा दंड भरला का गं? ती रडायलीय. मल्लेश म्हनतो, सोड आई, न्हाई टाकलं तर काय हुतंय. बाई, मेंढरं गेली, रान गेलं. वेशीत घोंगडं पडतंय तवर ह्या गावात आमचं घर हाय. यंदा मखमल पडली की झालं. पुढल्या साली कुनी ईचारनार बी न्हाई, ही कोनाची मानसं म्हून."

मी कमिटीच्या बैठकीला गेले. देवळाच्या मंडपात सतरंजीवर सगळे बसले होते. मी उभ्यानेच विचारलं, "तुळजाराम, हे मी कोणत्या पुस्तकात वाचलं?"

"निळ्या पुठ्ठ्याचं व्हतं, वैनी. डाक्टरसायबांच्या कपाटात. खालच्या फळीवर."

"खालच्या फळीवर बाटल्या आहेत."

"बाटल्यांच्या मागं."

लोक हसले. शिवप्रसाद फार नम्रपणे म्हणाला, "बाई, वयानं इसरायला हुतंय मानसाला. तुमी बसा, च्या घ्या." पुजारी रेवणसिद्धप्पा म्हातारे, भिडस्त. ते म्हणाले, "आमच्या आज्ज्यानं आसं कंदी सांगितलं न्हाई. पन नवीन शोध लागला आसल तर आपन काय बोलावं?"

मी तुळजारामला आणखी प्रश्न विचारले आणि ती माझी चूक झाली. दर प्रश्नाला तो नवा तपशील देत गेला. घोंगड्याला सोन्याची किनार निघाली. हरिबाला एक डोळा नव्हता असं निघालं. मी जितकं खोदलं तितकी ती गोष्ट पक्की झाली. मखमल ठरली. चहा न घेता मी घरी आले.

जत्रेच्या दिवशी ऊन असं होतं की वेशीतल्या दगडावर हात ठेववत नव्हता. मधोमध पाट, पाटावर लाल मखमलीची गादी, जरीची अक्षरं चकाकत होती. शिवप्रसाद माइक घेऊन उभा. अनसाबाई आपल्या दारात, घोंगड्याची घडी काखेत धरून. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिने दरवर्षीसारखं लोकर कातून, विणून आणलं होतं.

पालखी आली. पुढच्या दांडीला उजवीकडे तुळजारामचा मुलगा राम, डावीकडे बसवंतप्पा. हे लोक सकाळपासून उपाशी, अनवाणी असतात. गादीपाशी येऊन थांबले. ढोल वाजत राहिला. पालखी काही खाली येईना.

"टेकवा की रे," शिवप्रसाद माइकवरून म्हणाला.

बसवंतप्पाने खाली पाहिलं. "कशावर?"

"गादी हाय न्हवं का!"

"ह्याच्यावर? देव हाय का नवरदेव?"

लोक हसले, पण पालखीवाल्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. त्यांनी काही ठरवून केलं नव्हतं. मी नंतर रामला विचारलं, तर तो म्हणाला, "खाली काळं दिसलं की गुडघे वाकतेत बाई. लाल बघून वाकंनातच." मांडी घालून मंडपात ठराव केलेल्या कमिटीला हे सुचलं नव्हतं. त्यांनी पालखी उचलणाऱ्यांना विचारलंच नव्हतं.

शिवप्रसादने कोणाला तरी पिटाळून दुकानातलं एक घोंगडं आणवलं. प्लास्टिकच्या पिशवीतून निघालं. बसवंतप्पा म्हणाला, "हे कुनाच्या घरचं?" कोणाला सांगता येईना. तेही बाजूला पडलं. पालखीवाल्यांच्या माना घामाने निथळत होत्या. पालखी घेऊन मागे फिरायची रीत नाही, आणि टेकवल्याशिवाय पुढे न्यायची रीत नाही.

शेवटी शिवप्रसाद अनसाबाईच्या दाराशी गेला. "अक्का, टाका घोंगडं. झालं गेलं."

"दंड म्हून टाकू का मान म्हून?"

"मान म्हून टाका की."

"तू कोन मान देनारा? ज्यानं नेला त्याला बोलीव."

तुळजाराम गर्दीत मागे होता. लोकांनी त्याला पुढे ढकललं. माइक हातात आल्यावर त्याचा चेहरा खुलला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो म्हणाला, "मंडळी, ह्या गोष्टीचा दुसरा भाग आजपतोर कुनी सांगितला न्हाई. महाराज उठले, हरिबाकडं बघितलं, आन् म्हनले, लेकरा, तू चोरलं न्हाईस, मीच तुला दिलंय…"

गोष्ट चांगली होती. बायांनी डोळ्यांना पदर लावले. कोणी "वा अण्णा" म्हणालं.

"ह्ये बी खोटंच," अनसाबाई म्हणाली.

"अगं, तुझ्याच बाजूनं सांगायलो की मी!"

"तुजी बाजू नगं मला. रचलं व्हतं म्हन. तेवढंच म्हन."

"तसं न्हाई म्हनता येत अनसाबाई. जानकारांत मतभेद हायत—"

"बाबा!" दांडीखालून राम ओरडला. "खांदा निसटायलाय. रचलं म्हना."

"राम, तुला त्यातलं कळत न्हाई."

"मला खांद्यातलं कळतंय. म्हना, न्हाईतर घरी आईपाशी काय कबूल केलात ते मी इथून वरडून सांगतो."

सगळे वळून तुळजारामकडे पाहू लागले. ढोलवाला थांबला. तुळजारामने माइक खाली केला, पुन्हा वर केला. नंतर जे बोलला ते इतकं हळू की पुढच्या चार माणसांनाच ऐकू आलं असेल.

"मला म्हाईत नव्हतं."

"माइकमधी," अनसाबाई म्हणाली.

"मला म्हाईत नव्हतं," तो माइकमध्ये म्हणाला. आवाज खरखरला. "तसं कामून म्हनतेत ते. ईचारलं म्हून रचलं. बाईंनी बी काई वाचलेलं न्हाई."

अनसाबाई पायरी उतरली. मखमलीची गादी तिने पायाने नाही, हाताने उचलून शिवप्रसादच्या हातात दिली. घोंगडं उलगडून, चारी कोपरे ओढून अंथरलं. पालखीवाल्यांचे गुडघे वाकले. फेटा मल्लेशला बांधला. रेवणसिद्धप्पांनी नारळ दिला आणि आपल्याला पहिल्यापासून शंका होती असं सांगितलं. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

अनसाबाई मात्र एवढ्यावर थांबली नाही. तिने सगळ्यांदेखत तुळजारामला बजावलं, "फोनमधलं कुनाला पुसता येत न्हाई म्हनतेत. मंग तू दरसाल हितं यायचं, आन् घोंगडं पडायच्या आधी असंच म्हनायचं. माज्या नातवाच्या पोरालाबी ऐकू गेलं पायजे." ती चूक म्हणाली नव्हती. तो पहिला व्हिडिओ अजून फिरतो. उदगीरच्या माझ्या भाचीने परवाच मला तो पाठवला, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावून. दुसरा, वेशीतला, कोणी पाठवत नाही. त्यात हसण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या साली तुळजाराम आला आणि म्हणाला. तोंड वाकडं करून, घाईघाईत, पण म्हणाला. मला वाटलं, आता तरी याची जीभ जाग्यावर राहील. हॉटेलात तो काही महिने गप्प बसलाही. मग हळूहळू लोकांनीच त्याला पुन्हा बोलतं केलं. चहाबरोबर काहीतरी लागतं त्यांना. त्याच्याइतकाच मला त्या ऐकणाऱ्यांचा राग आहे.

या चैत्रात मी वेशीत खुर्ची टाकून बसले होते. आता उभं राहवत नाही. तुळजारामने माइक घेतला, आपलं वाक्य म्हटलं आणि खाली उतरून माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. पालखी समोर थांबलेली. जत्रेला परगावाहून आलेल्या दोन मुली होत्या, कॉलेजातल्या असाव्यात. त्यांतली एक त्याला म्हणाली, "काका, घोंगडं टाकायच्या आधी तुम्ही ते 'मला माहीत नव्हतं' असं का म्हणता?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मला पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. स्पष्ट हलवली.

"त्याचं आसं हाय बाळांनो," तो म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर तोच गाडीतला उजेड आला. "ही लई जुनी प्रथा हाय. आमच्या घराण्याकडं सात पिढ्यांपासून. देवापुढं गावानं अहंकार सोडायचा असतोय, मंग गावातला सगळ्यात जानता मानूस—"

"तुळजाराम," मी म्हणाले.

"एक मिनिट वैनी. सगळ्यात जानता मानूस सगळ्यांच्या वतीनं म्हनतो, की देवा—"

समोर अनसाबाई घोंगडं अर्धं उलगडून वाकली होती. ती सरळ झाली. उलगडलेलं तिने पुन्हा गोळा करून काखेत धरलं.

"परत म्हन," ती म्हणाली.

दांडीखालून रामने शिवी घातली. पालखीवाल्यांनी खांदे बदलले, आणि तुळजाराम माइककडे निघाला.